आत्याच्या वजनावर बसवलेला हूक

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी जीपखाली शिरलेलं नव्हतं. जीपखाली शिरायला आधी जीप लागते. आमच्याकडं चाकाची म्हणून जी वस्तू हाताखाली होती ती दुसऱ्याची बैलगाडी. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळं तरणेपण सालगडी म्हणून ती हाकण्यात घातलं. त्यामुळं त्या उन्हाळ्यात एका शनिवारी सकाळी मी अंगणात पोतं अंथरलं, पाठीवर आडवा झालो आणि टाचांनी रेटा देत स्वतःच्या जीपखाली सरकलो, तेव्हा माझी छाती फुगली होती. इतकी फुगली होती की सदऱ्याचं बटण वरच्या लोखंडाला घासून तुटलं. शुभशकुन समजून मी कामाला लागलो.

काम होतं जीपच्या मागं ट्रॉली जोडायचा हूक बसवायचं.

आधी जीपची कुळकथा सांगतो. लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. नवा जिल्हा होणं म्हणजे भाऊ वेगळे निघण्यासारखंच असतं. थोरल्याकडून धाकट्याला वाटणीत टेबलं आली, कपाटं आली, टाइपरायटर आले, काही जीपगाड्याही आल्या. वाटणीत थोरला भाऊ बैलजोडीतला चांगला बैल देत नसतो, हे ज्यानं वाटणी पाहिली त्याला सांगायला नको. त्यातली एक जीप नव्या जिल्ह्यात काही दिवस फिरली, मग नुसती उभी राहिली, मग लिलावात निघाली, आणि लातूरच्या एका हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरानं ती घेतली. तो मास्तर मी. दारावरची सरकारी अक्षरं खरवडली तरी पुसट दिसत होती आणि मी ती मुद्दाम नीट खरवडली नव्हती. मला वाटायचं, आपण गावात शिरलो की पारावरची माणसं उठून उभी राहतील. राहायचीही. धक्का द्यायला.

गाव आमचं रेणापूरच्या अंगाचं. त्या साली दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. आमच्या वस्तीच्या आडात वाकून हाक मारली तर हाक तेवढी परत यायची, पाणी नाही. सरकारी टँकर एक दिवसाआड येऊन गावविहिरीत पाणी ओतून जायचा आणि तिथं घागरींची जी झुंबड उडायची तिच्यात रोजचं प्यायचं पाणी मिळालं तरी पुष्कळ. आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं. मुलगा नायगावकडचा, नांदेडला नोकरीला. माणसं आमच्याच विचारांची, सालस. पत्रिका छापायच्या आधी व्याह्यांचा निरोप आला: "तुमच्याकडं पाण्याचं लई अवघड हाय म्हणून ऐकलं. आमच्या विहिरीला पाणी हाय. लग्न आमच्या दारात करू. रविवारी मी स्वतः येतो, काय ते ठरवू."

निरोपात वाकडं काहीच नव्हतं. उलट असा निरोप धाडणारा व्याही मिळायला भाग्य लागतं. पण आबांनी दोन दिवस परत निरोप धाडला नाही. मग एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "माझ्या लग्नात दुसऱ्यानं वरून वाढलं तवा पाणी मिळालं. सकाळपासून दुपारपत्तूर मांडवातली माणसं घागरी घेऊन लांब हुभी होती. ह्या पोरीच्या लग्नात मला कुणाची वाट बघायची न्हाई. नवरी आपल्या अंगणातनं निघती. पाणी आपल्या चाकावर आलं पायजे."

चाक म्हणजे माझी जीप, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. बहिणीच्या सगळ्यात आधी.

"दादा," ती म्हणाली, "माझं लग्न तुझ्या जीपच्या भरवशावर हाय म्हण की."

"हाय."

"मग मी आपली नोकरीच बघते."

ती डी.एड. झालेली होती. घरात शिकलेले आम्ही दोघंच, त्यामुळं माझा मान किती ठेवायचा हे तिला बरोबर ठाऊक होतं.

पाण्याची तजवीज माझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी केली. त्यांचं शेत आमच्या गावापासून दोन कोसांवर, बोअर चालू. "न्या की पाहिजे तेवढं," ते म्हणाले. "दोनचाकी ट्रॉली हाय, वर सहा ड्रम बसतेत. फक्त ट्रॅक्टर न्हाई, त्याचं इंजिन खोलून ठिवलंय." म्हणजे त्यांच्याकडं पाणी होतं, ट्रॉली होती, ओढायला काही नव्हतं. माझ्याकडं ओढायला होतं, पण ट्रॉली अडकवायला मागं हूक नव्हता. लातुरात हूक बसवून घ्यावा म्हटलं तर प्रत्येक वेल्डिंगवाल्याच्या दारात टाक्यांची रांग लागलेली. दुष्काळात सगळ्या जिल्ह्याला टाकीच पाहिजे होती. "पंधरा दिवसांनी या," म्हणाले. पंधरा दिवसांनी बहीण सासरी गेलेली असणार होती, किंवा सरळ सासरीच लग्नाला उभी राहिलेली.

म्हणून मी जाहीर केलं, हूक घरी बसवतो. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एक हूक बसवता येऊ नये? बहिणीनं कपाटातलं आयोडीन काढून खिडकीत ठेवलं.

हूक म्हणजे काय तर लोखंडाचा जबडा. ट्रॉलीच्या दांडीला पुढं एक कडं असतं. ते कडं या जबड्यात घालायचं आणि वरून जाड खिट्टी सोडायची. जबडा गावातल्या लोहारानं भाता ओढून ओढून झकास बनवून दिला. मला फक्त तो जीपच्या मागच्या आडव्या पट्टीला चार बोल्टांनी ठोकायचा होता. भोकं पाडायला शाळेतून छातीनं दाबायचा हातड्रिल आणला. आणि उंची चुकू नये म्हणून आदल्या दिवशी मास्तरांच्या शेतात जाऊन, ट्रॉली सपाट उभी करून, जमिनीपासून कड्यापर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारून आणली. सगळं शास्त्रशुद्ध.

आता अंगणातली परिस्थिती. लग्नासाठी म्हणून नात्यातली दोन माणसं आधीच येऊन राहिलेली: थोरले काका आणि आत्या. आबा धरून तिघं. अंगणात सावली कुठंच नव्हती. लिंबाचा पाला शेळ्यांना घालून घालून झाडाचा खराटा झालेला, आणि मांडव अजून पडायचा होता. सावली होती ती जीपच्या ताडपत्रीखाली. त्यामुळं ही तिन्ही वडीलधारी माणसं आल्यापासून जीपच्या मागच्या बाकांवर बसून असायची. चहा तिथं, तंबाखू तिथं, आत्याचा पानाचा बटवा तिथं, सोयरिकीच्या गोष्टी तिथं. काका अंगानं बरे, आबा काटकुळे, आणि आत्याबद्दल मी एवढंच सांगतो की जीपचे स्प्रिंगचे पाटे त्या वयात इतके मऊ झालेले होते की आत्यानं पाय ठेवला की जीप तिला वाकून जयभीम घालायची.

मी खाली आडवा, ती तिघं वर. वर-खाली मिळून काम सुरू झालं.

"काय करायलाय गा तो?" वरून काका.

"भोक पाडायलाय," आबा.

"चांगल्या गाडीला?"

ड्रिलचं टोक तापलं की त्यावर पाणी सोडावं लागतं. मी खालून बहिणीला आवाज दिला, वाटीभर पाणी आण. ती उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. "प्यायचं पाणी लोखंडाला पाजणार तू? ज्या पाण्यासाठी भोक पाडतोस तेच पाणी भोकात घालणार?" शेवटी तिनं करडीचं तेल दिलं, तेही पळीभर मोजून. तेल तापल्या लोखंडावर पडलं आणि सगळ्या अंगणात फोडणीचा वास सुटला.

"भजी हायेत का?" वरून आत्या.

पहिली दोन भोकं चुकली. का चुकली ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या कागदावर हुकाचा नकाशा काढला होता, भोकांच्या जागा मोजून फुल्या मारल्या होत्या आणि तो कागद जीपला खालून चिकटवला. कागद खालून लावला की डावं उजवं होतं. हे मी मुलांना आरशाच्या धड्यात दर वर्षी शिकवतो. ती दोन जादा भोकं त्या जीपला शेवटपर्यंत राहिली. आबा विचारणाऱ्याला सांगायचे, हवा लागायला पाडलीत.

नंतरची चार भोकं बरोबर पडली. छातीनं दाबून दाबून माझ्या बरगडीला वळ उठला, डोळ्यांत लोखंडाचा कीस गेला, पण पडली. मग सुतळी काढली. जमिनीपासून गाठीपर्यंत धरली, जबडा बरोबर गाठीच्या उंचीला आणला आणि बोल्ट आवळले. शेवटचा बोल्ट आवळताना पाना निसटला आणि मी कोपरानं जमिनीला एक खड्डा पाडला. आयोडीन कामाला आलं. पण मी बाहेर येऊन, अंग झटकून, पायानं त्या हुकावर तीन लाथा घातल्या आणि तो केसभरही हलला नाही. मी उभा राहून त्याच्याकडं बघत राहिलो. आबा मागच्या फळकुटावरून वाकून त्यावर हात फिरवत होते, बैलाच्या वशिंडावरून फिरवावा तसा.

"पक्का हाय," ते म्हणाले.

मला वाटतं, मॅट्रिकला पहिला आलो तेव्हाही त्यांनी एवढं बोललेलं नव्हतं.

चुकलं कुठं, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या आलं नाही. मी बोल्ट आवळून ते यंत्र पूर्ण झाल्याचं जाहीर केलं, आणि मग भाकरी झाली म्हणून आतून हाक आली. काका उतरले, आबा उतरले, शेवटी आत्या उतरली. जीपनं उसासा टाकला आणि मागून चांगली चार बोटं वर आली. मी तेव्हा हात धूत होतो. म्हणजे राखेनं घासत होतो.

रविवारी सकाळी मी एकटाच जीप घेऊन शेतात गेलो. व्याही दुपारच्या गाडीनं यायचे होते. त्याआधी दारात सहा ड्रम पाणी उभं करायचं, म्हणजे बोलणंच खुंटलं, असा माझा बेत होता. जीप मागं घेतली तर जबडा कड्याच्या वर चार बोटं. मी सुतळी काढली. गाठ जागेवर होती. मास्तर म्हणाले, "रात्रीतून सुतळी आटली का काय?"

"तुमची ट्रॉली खचली असंल."

"असंल. दुष्काळच हाय." चित्रकलेचे असले तरी ते तिरकस माणूस होते.

आम्ही दांडी उचलून कडं जबड्यात घातलं, खिट्टी सोडली. बसली. फक्त ट्रॉलीचं तोंड जरा वर आणि ढुंगण जरा खाली, एवढंच. मग ड्रम भरायची वेळ आली आणि मी माझी सगळ्यात मोठी हुशारी केली.

बैलगाडी भरताना आबांचा एक कटाक्ष असायचा: बैलाच्या मानेवर भार येता कामा नये. मी लहानपणी त्यांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलं होतं की माझ्या हाडात बसलेलं. पुढं पोतं जास्त झालं की ते उतरवून मागं टाकायचे आणि बैलाची मान चाचपून बघायचे. मी विचार केला, आपली जीप म्हातारी, पाटे मऊ, वाटणीतली, तिच्याही मानेला त्रास नको. म्हणून सहाच्या सहा ड्रम मागं सरकवून घेतले. पुढं एक माणूस झोपेल एवढी जागा मोकळी ठेवली. मास्तरांनी "सगळं मागंच?" असं विचारलं. मी त्यांना मुक्या जनावरावर आणि मुक्या यंत्रावर दया करण्याबद्दल दोन वाक्यं ऐकवली. ड्रमचं तोंड उघडं असतं, पाणी हिंदकळू नये म्हणून वर लिंबाचे डहाळे टाकतात. ते मास्तरांनी स्वतःच्या झाडाचे तोडून टाकले. मग ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि आम्ही निघालो.

सपाटीला जीप पाण्यावर तरंगल्यासारखी जात होती. मागून फार हलकं वाटत होतं. मी मास्तरांना म्हटलं, "बघा, कसं जाणवतसुद्धा न्हाई." मास्तर मागं वळून बघत होते.

गावाच्या आधी ओढा लागतो. ओढा म्हणजे तेव्हा नुसती वाळू. अलीकडून उतार, पलीकडं चढ, आणि चढाच्या वर आमची वस्ती. त्या चढाच्या वर माणसं उभी होती. आत्या, काका, आबा, बहीण, घागरी घेतलेल्या बायका. आणि आबांच्या शेजारी पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी घेतलेले एक गृहस्थ. व्याही सकाळच्याच गाडीनं आले होते.

मी हॉर्न दिला. द्यायला नको होता, पण आनंद झाला होता. उतार उतरलो, वाळू ओलांडली, चढाला लागलो आणि निम्म्यात जीपची मागची चाकं जागच्या जागी भिरभिरायला लागली. मी आणखी दाब दिला. धुरळा उडाला. मग मला असं वाटलं की माझ्या बुडाखालचं सीट हळूहळू वर चाललंय. ते खरंच वर चाललं होतं. ट्रॉलीनं मागं बूड टेकलं, दांडी वर उचलली, आणि माझा तो लाथेनं न हलणारा हूक जीपला शेपटीकडून धरून उचलायला लागला. मागं सहा ड्रम एकदम कलले आणि धबधबा सुटला.

दोन वर्षांत त्या ओढ्यातून पाणी वाहिलं नव्हतं. त्या दिवशी वाहिलं.

बायका घागरी घेऊन धावल्या. कुणी धारेखाली घागर धरली, कुणी पदर, एकीनं तर परात आणली होती. निम्मं तरी पाणी त्यांनी झेललं. उरलेलं वाळूनं आवाज न करता पिऊन टाकलं. मास्तर खाली उतरून डहाळे गोळा करत होते, दुसरं काय करावं हे त्यांना सुचत नसावं. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. तरफेचे तीन प्रकार मी चौदा वर्षं शिकवले होते. टेकू मधे, भार एका टोकाला, दुसरं टोक वर. फळ्यावर आकृतीसुद्धा छान काढायचो. त्या आकृतीत दुसऱ्या टोकाला मी स्वतः बसलेला कधी काढला नव्हता.

आबांच्या मागोमाग चढावरून व्याही खाली आले. त्यांच्या आवाजात खोट नव्हती, म्हणून जास्त लागलं. ते आबांना म्हणाले, "पाव्हणं, कशाला जिवाला घोर लावून घेता? पोरगी आमचीच हाय आता. नायगावला करू. त्यात कमीपणा काय हाय?"

बहिणीकडं मी पाहिलं. ती हातात अर्धी भरलेली घागर घेऊन उभी होती, पायापर्यंत भिजलेली, आणि पहिल्यांदाच तिला माझ्यावर बोलायला काही सुचत नव्हतं. त्या गप्पपणाची मला जेवढी भीती वाटली तेवढी जीप वर उचलली गेली तेव्हाही वाटली नव्हती.

आबा जीपच्या मागं गेले. हुकाजवळ उकिडवे बसले. दांडीखाली हात घातला, जरा उचलून पाहिली, ट्रॉलीवर राहिलेल्या पाण्याकडं पाहिलं, जीपच्या मोकळ्या बाकांकडं पाहिलं.

"उलाळली," ते म्हणाले.

मागं भार जास्त होऊन बैलगाडीचं तोंड वर उचललं जातं, जू मानेवरून निघतं आणि बैल लोंबकळायला लागतो, त्याला आमच्याकडं गाडी उलाळली म्हणतात.

"आबा, तुम्हीच म्हणायचा की मानेवर भार नको," मी म्हणालो.

"भार नको म्हन्लं. मान मोकळी सोड म्हन्लं का? बैलाला गाडी जाणवली पायजे की जरा. जू अंगाला लागलं तर तो वढंल. गणिताचा मास्तर ना तू?" मग त्यांनी हुकाची उंची हातानं मोजली आणि माझ्याकडं बघून विचारलं, "हे बसवलंस तवा आमी तिघं वर व्हतो का खाली?"

मी खिशातल्या सुतळीला हात लावला. चढावर उभ्या असलेल्या आत्याच्या डोक्यात सगळ्यात आधी उजेड पडला. ती तिथूनच म्हणाली, "म्हणजे माझ्या वजनावर बसिवला म्हन की."

हसायला पहिली सुरुवात बहिणीनं केली. मग मास्तर, मग घागरीवाल्या बायका. व्याही हसावं की नाही या विचारात होते. आबा मात्र हसत नव्हते, ते कामाला लागले होते. त्यांनी राहिलेले ड्रम पुढं सरकवून घेतले, चाकाच्या जरा पुढं, दोर स्वतः बांधला. मग काकांना हात करून जीपमधे चढवलं, आत्याला चढवलं. जीप वाकली. त्यांनी हुकाकडं पाहिलं, मान हलवली.

"आजूक एक पायजे. मी पायी चालतो, चाकाकडं बघाया कुणीतरी खाली लागतं." आणि मग ते व्याह्यांकडं वळले, दोन्ही हात जोडून. "पाव्हणं, जरा बसता का मागं?"

"मी?" व्याही म्हणाले.

"तुमचं वजन पडलं की बसतंय बघा."

पोरीच्या होणाऱ्या सासऱ्याला गाडीत मान म्हणून पुढं बसवतात. माझ्या बापानं त्यांना ओझं म्हणून मागं बसवलं. ते बिचारे पिशवी पोटाशी धरून आत्याच्या आणि काकांच्या मधे बसले. आत्यानं त्यांना पान लावून दिलं. आम्ही राहिलेलं पाणी घरी पोचवलं, मग त्याच वजनानिशी पुन्हा शेतावर गेलो, सहा ड्रम भरले, सगळे चाकापासून पुढं. परत येताना ओढ्याचा चढ आला तेव्हा मी पहिला गिअर टाकला. आबा चढाच्या पायथ्याशी आमची वाटच बघत उभे होते. ते ट्रॉलीच्या बाजूनं चालत, बैलांना बोलावं तसं काहीतरी तोंडातल्या तोंडात बोलत आले. जीप कण्हली, पण चाकांनी जमीन धरून ठेवली. वर आलो तेव्हा डहाळ्याचं एक पानसुद्धा खाली पडलं नव्हतं.

दुसरी खेप झाली, मग तिसरी. व्याही तिन्ही खेपांना मागं बसून होते. मधे एकदा मी म्हटलं, "तुम्ही दमलात, उतरा." तर ते म्हणाले, "मी उतरलो तर गाडी उलाळंल." तिसऱ्या खेपेला त्यांनी टोपी काढून खिशात घातली होती आणि धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं. दारातल्या रांजणात शेवटचा ड्रम रिता झाला. आबांनी त्यातलं तांब्याभर पाणी काढून त्यांच्या हातात दिलं. व्याह्यांनी ते उभ्यानं पिऊन टाकलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "आता ह्या पाण्यात माझंबी वजन हाय. हे सोडून मी नायगावला कसं लग्न लावू?"

आबा तोंड फिरवून जीपच्या मागं गेले. हुकाला काहीतरी झालंय असं दाखवत बराच वेळ तिथंच उकिडवे बसले. मी जवळ गेलो नाही.

लग्न आमच्या अंगणात लागलं. वंदना झाली, पांढऱ्या साडीत बहीण उभी राहिली, पंगती उठल्या. पाणी वाढणाऱ्याला आबांनी सांगून ठेवलं होतं, कुणी मागायच्या आधी वाढायचं. ते स्वतः पंगतीतून फिरत होते आणि एखाद्याचा तांब्या अर्धा दिसला तरी थांबत होते. ज्या घरची गाडी त्यांनी वर्षानुवर्षं हाकली त्या घरचे थोरले मालकही जेवायला आले होते. त्यांनी विचारलं, "एवढं पाणी कुठलं रे?"

"चाकावरचं," आबा म्हणाले. "आमच्या."

निघायच्या वेळी नवा घोटाळा झाला. बहिणीचा संसार, म्हणजे कपाट, ट्रंक, भांडी, ट्रॉलीवर चढवून नायगावला पोचवायचा होता. सामान मी स्वतः चाकाच्या पुढं रचून घेतलं. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून एक बाई जाते. ती आत्या ठरलेली होती. आत्या मागं चढली, जीप थोडीशीच वाकली. आत्यानं बाहेर डोकं काढून सांगितलं, "माझ्या एकटीच्यानं बसत न्हाई." मग काका चढले. आबा बाजूला उभे होते. बाप कधी पाठराखीण म्हणून जात नाही, तशी रीत नाही, म्हणून ते जागेवरून हलत नव्हते.

बहीण आत बसलेली होती. सकाळपासून ती रडली नव्हती. तिनं वाकून हुकाकडं पाहिलं, मग आबांकडं.

"आबा, चार बोटं कमी पडायलीत," ती म्हणाली. "चढा की."

मी सुतळी काढून मोजायला गेलो नाही. आबांनी पटका सारखा केला आणि मागं चढून लेकीच्या शेजारी बसले. जीप वाकली, कडं जबड्यात सरळ झालं. मी खिट्टी हातानं दाबून पाहिली आणि पुढं जाऊन बसलो.